उजनीचा मासा नेमकं काय खातो? पाणी कुणी हिरवं केलं, याचा पुरावा त्याच्याच अंगात

उन्हाळा सुरू झाला, पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्याबाहेर डोकं काढू लागलं आणि उजनी 'मायनस'मध्ये गेली, की काठावरच्या गावांत दोन विषय हमखास निघतात. एक, पाणी असं हिरवंगार का झालं. दुसरा, जाळ्यात चिलापी आणि सकर माशाशिवाय काही येत का नाही. खानोटा, कुंभारगाव, पळसदेवपासून पलीकडच्या केत्तूर, कंदरपर्यंत हीच चर्चा. पहिल्या प्रश्नावर भांडण ठरलेलं आहे. काठावरचा शेतकरी म्हणतो, पुण्या-पिंपरीचं मैलापाणी. शहराकडून उत्तर येतं, तुमच्या उसाला टाकलेला युरिया. दुसऱ्या प्रश्नावर मत्स्यबीज सोडा अशी मागणी होते, निवेदनं दिली जातात, आणि पाऊस पडला की विषय पुढच्या उन्हाळ्यावर जातो.

हे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. पाण्यात जे खत येतं त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर बारीक किडे आणि मासे, त्यांच्यावर मोठे मासे, त्यांच्यावर पक्षी आणि माणूस. या साखळीला शास्त्रात अन्नजाळं म्हणतात. वरून आलेलं पाणी बदललं, पातळी वर-खाली झाली, परका मासा शिरला, तर धक्का सगळ्या साखळीला बसतो. कुणी कुणाला खाल्लं आणि मुळात ते खाणं कुठून आलं, हे शोधण्याची एक पद्धत जगभर गेली चार दशकं वापरली जाते. तिचं नाव स्थिर समस्थानिकांची तपासणी. नाव जड आहे, पण गोष्ट ऊस पिकवणाऱ्या माणसाला चटकन कळेल अशी आहे.

मधातली साखर पकडतात तीच युक्ती

मधात उसाची साखर मिसळली तर ती चवीवरून कळत नाही. प्रयोगशाळेत मात्र कळते. कार्बन हे एकच मूलद्रव्य, पण निसर्गात त्याचे दोन टिकाऊ प्रकार आहेत, एक हलका आणि एक किंचित जड. शंभरातला साधारण एक कण जड असतो. यातून किरणोत्सर्ग वगैरे काही होत नाही, म्हणून 'स्थिर' म्हणायचं. ऊस, ज्वारी, बाजरी, मका ही पिकं हवेतला कार्बन ज्या पद्धतीने घेतात, त्यात जड कार्बन थोडा जास्त उरतो. गहू, भात, हरभरा, तूर, आंबा, बाभूळ यांच्यात कमी. मोजायच्या पट्टीवर उसाचा आकडा वजा १२ च्या आसपास येतो, तर बाभळीचा किंवा तुरीचा वजा २७ च्या आसपास. मधमाशी बहुतेक करून दुसऱ्या गटातल्या फुलांवर बसते. मग मधाचा आकडा उसाच्या बाजूला सरकलेला दिसला की भेसळ पकडली जाते. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेल्या माणसाच्या केसातही हा फरक दिसतो, भात-चपाती खाणाऱ्यापेक्षा वेगळा.

माशाचंही तसंच. तो जे खातो त्याचंच त्याचं अंग बनतं. पोट फाडून बघितलं तर सकाळी काय खाल्लं एवढंच कळतं, आणि तेही अर्धं पचलेलं असतं. पाठीच्या मासाचा तुकडा मात्र गेल्या काही आठवड्यांचा, महिन्यांचा हिशेब सांगतो. हरभऱ्याच्या डाळीपेक्षा छोटा तुकडा पुरतो. तो वाळवायचा, पीठ करायचं, कथलाच्या इवल्याशा डबीत बंद करून जाळायचा आणि निघालेल्या वायूतले हलके-जड कण यंत्रावर मोजायचे. एवढीच ती रीत. यंत्र मात्र महाग असतं, म्हणून हे काम मोठ्या संशोधन संस्थांतच होतं. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेत समस्थानिकांच्या मापनाची जुनी परंपरा आहे.

कार्बनवरून खाणं कुठलं ते कळतं. काठाच्या दगडांवरचं शेवाळ आणि खोल पाण्यात तरंगणारं शेवाळ यांचे आकडेही वेगळे येतात. दगडावरच्या शेवाळाभोवती पाण्याचा पातळ, स्थिर थर असतो, तिथे कार्बनची आवक कमी. त्यामुळे त्याला निवड करता येत नाही, जड कणही घ्यावा लागतो.

दुसरी खूण नायट्रोजनची, आणि आपल्या भांडणात हीच कामाची आहे. खाणाऱ्याच्या अंगात जड नायट्रोजन जास्त साठतो, हलका लघवीवाटे निघून जातो. त्यामुळे साखळीत एकेक पायरी वर गेलं की आकडा साधारण ३ ते ४ ने वाढतो. समजा शेवाळाचा आकडा ८ असेल, तर शेवाळ खाणाऱ्या माशाचा ११-१२ आणि त्याला खाणाऱ्या मरळीचा १५ च्या पुढे. हे आकडे फक्त समजायला घेतलेत, उजनीचे म्हणून कुणी फॉरवर्ड करू नयेत.

युरिया की मैलापाणी

युरिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो. हवेचा आकडा शून्य धरलेला आहे, म्हणून युरियाही शून्याच्या आसपासच. माणसाची विष्ठा आणि जनावराचं शेण यातून अमोनिया उडून जातो. जाताना हलका नायट्रोजन आधी जातो, जड मागे राहतो. पुढे पाण्यातले जिवाणूही हलकाच आधी उचलतात. म्हणून मैल्यातून आणि शेणखतातून आलेल्या नायट्रेटचा आकडा बऱ्याचदा १० ते २० च्या घरात असतो. नायट्रोजन तोच, पण त्याच्या अंगावर गावाचं नाव लिहिलेलं असतं, असं म्हणायला हरकत नाही.

सरकारी पाणी तपासणीत नायट्रेट, बीओडी, विरघळलेला ऑक्सिजन, कोलिफॉर्म जिवाणू हे सगळं असतं. त्यातून पाणी किती खराब हे कळतं. नायट्रेट कुणाचं, हे कळत नाही. दोन्ही बाजूंना हवं तसं बोलायला मोकळीक उरते ती यामुळेच.

कॅनडातल्या कबाना आणि रासमुसेन या दोघांनी १९९६ साली एक साधं काम केलं. वेगवेगळ्या तळ्यांतले शिंपले गोळा केले. शिंपला एका जागी बसून वर्षानुवर्षं पाणी गाळून खातो, त्यामुळे एका दिवसाच्या बऱ्या-वाईट पाण्याने तो फसत नाही. त्यांना दिसलं की ज्या तळ्याच्या पाणलोटात माणसांची वस्ती दाट, तिथल्या शिंपल्यात जड नायट्रोजन जास्त. शिंपल्यावरून वस्तीचा अंदाज यावा इतका तो संबंध स्पष्ट होता.

आता आपला पाणलोट बघा. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्या शेवटी भीमेत येतात आणि भीमा उजनीत. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची लोकसंख्या मिळून ४८ लाखांच्या वर होती, आज त्याहून बरीच जास्त असणार. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणजे वरून येणारी घाण कालव्याने पूर्ण वाहून जाणारी नाही, तळाला बसणारी आहे. हेच पाणी पुढे सोलापूर शहर पितं.

इतकं सगळं समोर असताना तपासणी कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर असं की काठावरचा ऊसही खोटा नाही. एकरी किती गोणी युरिया पडतो हे टाकणाऱ्याला माहीत असतं, आणि पाटपाणी देताना त्यातला किती ओढ्याला जातो हेही. दोष शहराचा किती आणि शिवाराचा किती, हे आकड्यात आलं तर शेतकऱ्यालाच त्याचा उपयोग आहे, आकडा कुठल्याही बाजूला झुकला तरी. आज फक्त आरडाओरडा आहे, आणि आरडाओरड्यात मोठ्या शहराचा आवाज मोठा असतो.

एक मात्र सांगायला हवं. ही पद्धत जादू नाही. शेणाचा आणि मैल्याचा नायट्रोजन जवळजवळ सारखाच दिसतो, त्यामुळे गोठे किती आहेत हेही सोबत मोजावं लागतं. शेतात पडलेल्या युरियातूनही अमोनिया उडतो आणि त्याचा आकडा थोडा वर चढतो. काही निळं-हिरवं शेवाळ थेट हवेतून नायट्रोजन घेतं, ते युरियासारखंच शून्याजवळ दिसणार. म्हणून एका बाटलीवरून निकाल लावणाऱ्याचं ऐकू नये. पाणी, शेवाळ, शिंपले, मासे, सगळ्यांचे नमुने एकाच वेळी, चार-पाच ठिकाणांहून घ्यावे लागतात.

आपल्याकडे निसर्गाने तुलनेची सोय करून ठेवलीच आहे. घोड नदी मुख्यतः शिरूर, आंबेगाव, जुन्नरच्या शेतीतून येते. मुळा-मुठा शहरातून येते आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तुळापूरला इंद्रायणी मिळण्याआधीची, राजगुरुनगरकडची भीमा तिसरी. तिन्हीकडचे शिंपले आणि उजनीतले शिंपले शेजारी ठेवले की चित्र बऱ्यापैकी साफ होईल.

चिलापीने कुणाचं ताट पळवलं

मोझांबिकची तिलापी भारतात १९५२ साली आणली गेली. आपल्याकडे ती चिलापी झाली. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते, घाण पाण्यात आणि कमी ऑक्सिजनमध्ये तग धरते. सकर मासा दक्षिण अमेरिकेतला, काचेच्या पेटीत शोभेला ठेवायचा. कुणीतरी कंटाळून नदीत सोडला. त्याचं अंग हाडाच्या तुकड्यांनी मढवलेलं, जाळं फाटतं, बाजारात भाव नाही. तळाचं शेवाळ आणि सडका पाला खरवडून खाणं हे त्याचं काम. मेक्सिकोतल्या चाकामाक्स नदीत याच कुळातल्या माशांवर अभ्यास झालाय. तिथे पाण्यातला फॉस्फरस या माशांच्या चिलखतात अडकून पडल्याचं दिसलं.

पण परका मासा आला म्हणजे देशी मासा त्याच्यामुळेच गेला, असं लगेच म्हणता येत नाही. मैलापाण्यानेही जातो, बारीक आसाच्या जाळ्यानेही जातो. कॅनडात १९९९ साली हाच पेच समस्थानिकांनी सोडवला. तिथल्या काही तळ्यांत बास जातीचे मासे बाहेरून आले होते. लेक ट्राउट हा तिथला मोठा देशी मासा. बास त्याला खात नव्हता, अंगावरही जात नव्हता. मासे मोजून काही कळलं नसतं. पण अंगातला कार्बन आणि नायट्रोजन बघितला तर कळलं, की बास आलेल्या तळ्यांत ट्राउट काठाचे छोटे मासे सोडून खोल पाण्यातल्या सूक्ष्म किड्यांवर जगत होता. त्याची पायरी खाली आली होती. काठाचे छोटे मासे बासने आधीच फस्त केले होते. घरातला कर्ता माणूस जेवणाच्या वेळी गप्प राहिला म्हणून पोट भरलंय असं होत नाही, तसलाच प्रकार.

उजनीत तर काठच जागेवर राहत नाही. पावसाळ्यानंतर पाणी शिवारापर्यंत, मे महिन्यात मैलभर आत. दगडांवर शेवाळ धरतं आणि पाणी हटलं की वाळून पापुद्रा होतो. काठाच्या गवतात अंडी घालणाऱ्या, काठावर चरणाऱ्या माशांचं खाणंच दर वर्षी मोडून पडतं. उरतं ते तरंगतं हिरवं शेवाळ आणि तळाचा गाळ. तरंगतं चिलापी खाते, तळ सकर खरवडतो. मग कटल्याचं, रोहूचं, मृगळाचं बोटुकली सोडायची म्हटली तर ती कुणाच्या ताटात हात घालणार? कटला वरच्या थरातले सूक्ष्म किडे खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. म्हणजे मृगळाची गाठ सकरशी आणि कटल्याची चिलापीच्या पिलावळीशी पडण्याची शक्यता मोठी. कुठल्या जातीचं खाणं कुणाशी किती आड येतं, हे दोन-चार डझन माशांच्या तुकड्यांवरून काढता येतं. लाखो बीज सोडण्याच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ ठरेल. बीज किती सोडलं याच्या बातम्या येतात, त्यातलं किती जगलं आणि काय खाऊन जगलं याची बातमी येत नाही.

कार्बनची खूण इथे आणखी एका कामाला येईल. काठावर सगळीकडे ऊस. पाचट, चिपाड, मळी जे काही पाण्यात जातं त्याचा आकडा वजा १२ जवळचा. तळाच्या माशांच्या अंगात तो दिसला तर उजनीचा मासा काही प्रमाणात उसावर पोसला जातोय असं ठरेल.

टांगानिकाची उपासमार, उजनीचं अजीर्ण

पर्यावरणातल्या बदलाने माशाचं ताट कसं रिकामं होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराचं. टांझानिया, काँगो, बुरुंडी, झांबिया या चार देशांच्या मध्ये, जवळपास दीड किलोमीटर खोल. काठच्या लोकांच्या खाण्यातल्या प्राणिज प्रथिनांपैकी २५ ते ४० टक्के या सरोवरातल्या माशांतून येत असल्याचं शास्त्रज्ञांनी लिहिलंय. मासे कमी झाले तेव्हा दोष मच्छीमारांना दिला गेला. २००३ साली कॅथरीन ओ'रायली आणि सहकाऱ्यांनी तळाच्या गाळात नळी घालून थरावर थर असा गाळ काढला आणि त्यातला कार्बन मोजला. थर म्हणजे वर्षांची वही. त्यातून दिसलं की शेवाळाची वाढ सुमारे २० टक्क्यांनी घटली असावी, आणि त्या हिशेबाने माशांचं उत्पादन ३० टक्क्यांच्या आसपास घटलं असावं. कारण असं, की हवा तापली, वरचं पाणी तापून हलकं झालं, ते खालच्या गार पाण्यात मिसळेना. खालचं खत वर येईना. सगळा दोष जाळ्याचा नव्हता.

उजनी तितकी खोल नाही आणि तिचं दुखणं उलटं आहे. टांगानिकात खत वर येत नाही, उजनीत खत उतू चाललंय. पण वही दोन्हीकडे आहे. धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. तेव्हापासूनचा गाळ खोल भागात थरांनी बसला आहे, जिथे उन्हाळ्यातही पाणी हटत नाही तिथे. पुण्याची वस्ती केव्हा फुगली, उसाखालचं क्षेत्र केव्हा वाढलं, आणि शेवाळाने केव्हा रंग बदलला, हे त्या गाळात शोधता येईल. काठाचा गाळ मात्र या कामाचा नाही. तो उन्हात भेगाळतो, जेसीबीने उकरला जातो, ट्रॅक्टरने शेतात जातो.

दुसरी जुनी वही कॉलेजात आहे. प्राणिशास्त्र विभागात फॉर्मॅलिनच्या बरण्यांत ठेवलेले मासे आठवा. अमेरिकेतल्या टाहो सरोवराचं जुनं अन्नजाळं अशाच साठवलेल्या माशांवरून उभं केलं गेलं. फॉर्मॅलिनने आकडा थोडा हलतो, पण किती हलतो हे ठाऊक असल्याने दुरुस्ती करता येते. चिठ्ठीवर साल आणि गाव लिहिलेली भीमेच्या माशाची बरणी कुठल्या कॉलेजात असेल तर ती फेकू नये. भीमाखोऱ्यातले मासे कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वीच टिपून ठेवलेत. त्याने नकटा, कोळस अशी मराठी नावंच त्यांना शास्त्रीय नाव म्हणून दिली, ती आजही जगभर चालतात. नावं राहिली, मासे जाळ्यात कितपत येतात ते काठावरच्यांनी सांगावं.

मग हा मासा खावा की नाही? या तपासणीतून ते कळत नाही. त्यासाठी जड धातूंची आणि जिवाणूंची वेगळी तपासणी लागते. एवढं मात्र जगभर दिसलंय की पारा साखळीत वर चढत जातो, म्हणून वरच्या पायरीवरचा मासा आधी तपासावा. वरची पायरी कुणाची, हे नायट्रोजन सांगतो.

वेळ आत्ताच का

मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाचा जायका प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला. सुमारे ९९० कोटींचा, पुण्यात ११ मैलापाणी केंद्रांचा. काम बरंच रखडलं. केंद्रं पूर्ण ताकदीने चालू झाली की पाणी सुधारलं असा दावा होणार, आणि इकडून तो फेटाळला जाणार. तेव्हा खरं-खोटं ठरवायला 'आधीचा' आकडा हातात लागतो. कॅनडातल्या ग्रँड नदीवर वॉटर्लू आणि किचनर या दोन शहरांची मैलापाणी केंद्रं बदलली गेली, तेव्हा खालच्या पाण्यातल्या किड्यांत आणि छोट्या माशांत नायट्रोजनची खूण बदलल्याचं नोंदवलं गेलं. आधीचे नमुने होते म्हणून ते शक्य झालं. खूण खाली आली म्हणजे चांगलं आणि वर गेली म्हणजे वाईट असा सरळ हिशेब नसतो, केंद्र कुठल्या प्रकारचं यावर ते ठरतं. पण बदल झाला की नाही, हे माशाकडून लपवता येत नाही.

नमुने गोळा करायला मोठी यंत्रणा लागत नाही. मच्छीमार संस्था मासे देऊ शकतात, तालुक्याच्या कॉलेजची पोरं शिंपले आणि गोगलगायी वेचू शकतात. ठिकाण, तारीख, जात नीट लिहून वाळवून ठेवलं तर नमुना वर्षानुवर्षं टिकतो. यंत्रावर नंतर मोजला तरी चालतो. पाणी आटलेलं असताना शिंपले पायाखाली येतात. जूनमध्ये वरून पहिला लोंढा आला, दौंडच्या पुलाखालून फेसाळ काळं पाणी निघालं, की तळ ढवळतो आणि काठ बुडतो. त्यानंतर तेच शिंपले पुढच्या उन्हाळ्याशिवाय हाताला लागत नाहीत.